लाइपझिगचे सोमवार आणि पश्चिमेचा टीव्ही

१० ऑक्टोबर १९८९. पश्चिम जर्मनीच्या ‘एआरडी’ वाहिनीवर रात्री उशिराच्या बातम्यांमध्ये एक चित्रफीत दाखवली गेली. उंचावरून घेतलेली, अंधारी, जरा थरथरती. खाली रुंद रस्ता आणि तो भरून चाललेली माणसं. घोषणा ऐकू येतात, चेहरे मात्र दिसत नाहीत. शहर लाइपझिग, देश पूर्व जर्मनी. आदल्या संध्याकाळी तिथे सुमारे ७० हजार लोक सरकारच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते आणि एकही गोळी झाडली गेली नव्हती. हे चित्रण एका इटालियन चमूने केलंय, असं निवेदकाने सांगितलं. ती सरळसरळ थाप होती. कॅमेरा धरणारे दोघे पूर्व जर्मनच होते. गुप्त पोलिसांनी त्यांच्या मागे लागू नये म्हणून इटलीचं नाव पुढे केलं होतं.

बरोबर महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली, आणि ‘टीव्हीने भिंत पाडली’ हे वाक्य तेव्हापासून जे सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. २०११ साली इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर आले तेव्हा हेच श्रेय फेसबुकला मिळालं. सरकारंही हेच बोलतात, फक्त तक्रारीच्या सुरात: माध्यमांनी पेटवलं हो, नाहीतर कोण येणार होतं! कौतुक करणारे आणि खापर फोडणारे, दोघांच्याही डोक्यात चित्र एकच असतं. माध्यम कळ दाबतं आणि माणसं घराबाहेर पडतात. पूर्व जर्मनीचं प्रकरण जवळून पाहिलं तर ही कळ कुठे सापडत नाही. जे सापडतं ते जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि आजच्या कुठल्याही आंदोलनाकडे पाहताना जास्त उपयोगी पडणारं.

एका घरात दोन देश

पूर्व जर्मनी, म्हणजे जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, १९४९ ते १९९० इतकंच जगलेला सुमारे १ कोटी ६० लाख वस्तीचा देश. राज्य एकाच पक्षाचं, आणि वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही सगळं त्या पक्षाच्या मुठीत. दर गुरुवारी राजधानीतल्या संपादकांना पक्षाच्या मुख्यालयात बोलावलं जाई आणि काय छापायचं, कुठला शब्द वापरायचा नाही, हे सांगितलं जाई. पक्षाचं मुखपत्र होतं ‘नॉयेस डॉइचलांड’. मार्च १९८७मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेला पक्षप्रमुख एरिश होनेकर यांनी भेट दिली, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या एकाच अंकात त्यांची चाळीसहून अधिक छायाचित्रं होती. साहेब या दालनात, साहेब त्या दालनात. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या पुरवण्या यापुढे संयमी वाटाव्यात.

पण या देशाची एक अडचण होती. शेजारचा देश त्यांचीच भाषा बोलत होता आणि त्याच्या टीव्हीच्या लहरींना काटेरी तार अडवत नव्हती. शिवाय पश्चिम बर्लिन हा शहराचा तुकडा पूर्व जर्मनीच्या ऐन पोटात होता. १९६१ साली पक्षाच्या युवक संघटनेची पोरं छपरांवर चढून पश्चिमेकडे वळवलेले अँटेना फिरवायची किंवा मोडून टाकायची. पुढे सरकारने नाद सोडला. १९७३मध्ये होनेकर यांनीच जाहीरपणे सांगून टाकलं, की पश्चिमेचे कार्यक्रम ज्याला लावायचे त्याने लावावेत, बंद करायचे त्याने करावेत. मग बऱ्याच घरांचा रिवाज ठरून गेला: सात वाजता पश्चिमेच्या बातम्या, साडेसातला सरकारी बातम्या, आठ वाजता पुन्हा पश्चिमेच्या.

सरकारी टीव्हीवर यावर उतारा म्हणून ‘काळी वाहिनी’ नावाचा एक कार्यक्रम होता. त्यात पश्चिमेच्या बातम्यांचे तुकडे दाखवून कार्ल-एडुआर्ड फोन श्निट्झलर हे गृहस्थ त्यांची चिरफाड करत. १९६०पासून जवळजवळ तीस वर्षं, दर सोमवारी रात्री. सोमवार लक्षात ठेवा.

आता यातला सगळ्यात रंजक भाग. देशात दोन पट्टे असे होते जिथे पश्चिमेचा टीव्ही पोहोचतच नव्हता: ईशान्येचा एक कोपरा, आणि आग्नेयेला ड्रेस्डेनच्या आसपासचा एल्बे नदीच्या खोऱ्यातला भाग. अंतर जास्त आणि मध्ये डोंगर. लोक चेष्टेने त्याला ‘अडाण्यांचं खोरं’ म्हणत. सरकारने हे ठरवून केलं नव्हतं, भूगोलाने केलं होतं. त्यामुळे अभ्यासकांना आयता प्रयोग मिळाला. एकच देश, एकच राजवट, तेच पगार, त्याच रांगा. फरक फक्त एवढाच, की काहींच्या घरात बाहेरचा टीव्ही आणि काहींच्या घरात नाही.

होल्गर केर्न आणि येन्स हाइनम्युलर या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९८८-८९च्या सुमारास पूर्व जर्मनीतच झालेल्या जनमत पाहण्यांचे कागद शोधून ही तुलना केली. साधा अंदाज असा, की पश्चिमेचा टीव्ही पाहणारे लोक राजवटीवर जास्त चिडलेले असतील. निघालं उलट. टीव्ही मिळणारे लोक राजवटीबाबत थोडे जास्त समाधानी होते. कायमचा देश सोडून जाण्याचे अर्जही ड्रेस्डेनच्या बाजूलाच जास्त आलेले.

कारण तसं डोळ्यांसमोरच आहे. लोक पश्चिमेचा टीव्ही लावत होते ते काही फक्त बातम्यांसाठी नाही. अमेरिकन मालिका, सिनेमे, गाण्यांचे कार्यक्रम, फुटबॉल. दिवसभर रांगेत उभं राहायचं आणि संध्याकाळी तीन तास दुसऱ्या जगात जाऊन यायचं. घरबसल्या, व्हिसा न मागता. ज्यांना ही सोय नव्हती, त्यांना तो देश जास्त टोचत होता. ड्रेस्डेनकरांना टीव्ही मिळावा म्हणून त्यांच्या खटपटींकडे स्थानिक अधिकाऱ्यांनीच पुढे काणाडोळा केला, त्यात नवल नाही.

म्हणजे ज्या पेटीला भिंत पाडल्याचं श्रेय मिळतं, तिने निदान दोन दशकं लोकांना सोफ्यावर धरून ठेवलं होतं. मग १९८९च्या शरद ऋतूत असं काय झालं?

सगळ्यांना माहीत असतं, तरी कुणी बोलत नाही

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एखादी हाउसिंग सोसायटी घ्या, पन्नास बिऱ्हाडांची. सेक्रेटरीने रंगकामात पैसे खाल्लेत हे पन्नासही जणांना ठाऊक आहे. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, ‘मंजूर?’ असं विचारलं जातं आणि सगळे मान डोलावतात. प्रत्येकाला वाटतं, आपण उठलो आणि बाकीचे मूग गिळून बसले तर उद्यापासून आपलं पाणी बंद, आपल्या पार्किंगचा वाद. इथे कमी पडते ती माहिती नव्हे. माझ्यासारखाच शेजाऱ्यालाही राग आलाय, आणि मला राग आलाय हे त्यालाही कळलंय, ही खात्री कमी पडते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७८मध्ये हेच आकड्यांत मांडलं. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: इतके जण उठले तर मीही उठेन. एखादा वेडा कुणीही न उठता उठतो. दुसरा एक जण उठल्यावर, तिसरा दोघं उठल्यावर, असं करत सगळी सभा उभी राहू शकते. पण या साखळीतला नुसता दुसरा माणूस जरा जास्त भित्रा निघाला, तर पहिला एकटाच उभा राहतो आणि सभा शांतपणे चहाकडे वळते. पन्नासातल्या एकोणपन्नास जणांची मनं तीच, निकाल मात्र पूर्ण वेगळा. म्हणून मोठी आंदोलनं आधी कुणाला दिसत नाहीत आणि झाल्यावर सगळ्यांना ‘होणारच होतं’ वाटतं. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी १९८९च्या उठावांबद्दल नेमकं हेच लिहिलं: लोक जाहीरपणे एक बोलत होते, मनात दुसरं होतं, आणि मनातलं किती जणांच्या मनात आहे हे सरकारलाही कळत नव्हतं नि लोकांनाही.

सेन्सॉरशिपचं खरं काम इथे कळतं. दुकानात माल नाही हे लपवण्यासाठी कोणी सेन्सॉरशिप ठेवत नाही. ते रांगेत उभ्या माणसाला दिसतंच. रांगेतला पुढचा माणूस काय विचार करतोय, ते कळू द्यायचं नाही. पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा, स्टासी, हिच्याकडे १९८९मध्ये ९० हजारांवर पगारी माणसं होती आणि शिवाय लाखाहून खूप जास्त खबरे. पुढचा माणूस खबऱ्या असेल, या एका शंकेवर सगळा डोलारा उभा होता.

आता माध्यमाचं काम या चौकटीत बसवून पाहा. नवी माहिती देणं हे त्याचं लहान काम. मोठं काम हे, की एकाच वेळी लाखो लोकांना एकच गोष्ट दाखवायची, आणि ती सगळ्यांनी पाहिली हे प्रत्येकाला कळेल अशा रीतीने दाखवायची. रात्री साडेदहाला मी जे पाहिलं ते समोरच्या खिडकीत निळा उजेड आहे त्या घरानेही पाहिलं. सकाळी जिन्यात तो भेटला की दोघांनाही ते माहीत असतं.

सायक्लोस्टाइलचा वास

टीव्हीच्या आधी कागद होता. चर्च ही पूर्व जर्मनीतली एकमेव मोठी संस्था जिच्यावर पक्षाची पूर्ण सत्ता नव्हती. चर्चच्या तळघरांत, मागच्या खोल्यांत पर्यावरण, शांतता, मानवी हक्क यांवर बोलणारे लहान लहान गट जमायचे. त्यांची पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघायची, आणि वर छापलेलं असायचं ‘केवळ चर्चच्या अंतर्गत वापरासाठी’. या एका ओळीमुळे ती सरकारी परवान्याच्या कचाट्यातून सुटत. प्रती शेकड्यांत, फार तर हजारांत. शाई पुसट, कागद खरखरीत.

नोव्हेंबर १९८७मध्ये स्टासीने पूर्व बर्लिनच्या झायन चर्चमधल्या ‘पर्यावरण ग्रंथालया’वर मध्यरात्री धाड घातली, यंत्रं उचलली, माणसं पकडली. लगेच चर्चबाहेर मेणबत्त्या घेऊन लोक बसले, पश्चिमेच्या वार्ताहरांनी ते दाखवलं, आणि काही दिवसांतच अटकेतल्यांना सोडावं लागलं. धाड पडली नसती तर ते ग्रंथालय बर्लिनबाहेर कितीशा लोकांना माहीत होतं?

मे १९८९मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. सरकारी यादीला ९८.८५ टक्के मतं पडल्याचं जाहीर झालं. असे आकडे दर वेळी येत. या वेळी फरक इतकाच, की या छोट्या गटांची माणसं मतमोजणी पाहायला गेली. मोजणी सार्वजनिक असते असं कायद्यातच लिहिलेलं. केंद्राकेंद्रावर त्यांनी विरोधी मतं टिपून घेतली, बेरीज केली, आणि सरकारी आकड्याशी ती जुळेना. हे आकडे पत्रकांत आले, तिथून पश्चिमेच्या रेडिओ-टीव्हीवर गेले आणि लहरींवरून परत पूर्वेत आले. घोटाळा होतो हे कुणाला नवीन नव्हतं. आपल्यासारखेच अनोळखी लोक दुसऱ्या वॉर्डात जाऊन मोजून आले, हे नवीन होतं.

मेपासूनच हंगेरी ऑस्ट्रियाच्या सीमेवरची तार काढत होतं, आणि ११ सप्टेंबरला त्याने पूर्व जर्मनांसाठी वाट मोकळी केली. हजारोंचे लोंढे ऑस्ट्रियात शिरताना रोज संध्याकाळी टीव्हीवर. प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीच्या बागेत चिखलात तंबू ठोकून बसलेली कुटुंबं टीव्हीवर. तीच पेटी, पण आता तिच्यात परकं जग नव्हतं. आपल्या गावची, आपल्या गाडीची नंबरप्लेट असलेली माणसं होती. यावर ‘नॉयेस डॉइचलांड’ने २ ऑक्टोबरला लिहिलं, की गेलेल्यांसाठी अश्रू ढाळायची गरज नाही. हे वाक्य खुद्द होनेकर यांनी घातलं होतं. ज्यांची मुलं गेली होती अशा आईबापांनी ते सकाळी नाश्त्याला वाचलं. माझ्या मते त्या महिन्यात सरकारच्या विरोधात छापलं गेलेलं सगळ्यात परिणामकारक वाक्य हेच, आणि ते सरकारनेच छापलं.

सोमवार, संध्याकाळी सहा

लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२पासून दर सोमवारी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होई. सहाच्या सुमारास ती संपे. दुकानं बंद व्हायची आणि लोक कामावरून घरी निघायचे, तेही त्याच सुमारास. म्हणजे त्या वेळी शहराच्या मध्यभागी असणं हा काही गुन्हा नव्हता. ‘कुठे निघालास?’ ‘ट्राम पकडायला.’ हे फार महत्त्वाचं आहे. कुणी फोन केले नाहीत, भिंतीवर भित्तीपत्रक लागलं नाही, वर्तमानपत्रात तारीख आली नाही. वेळ आणि जागा आपोआप ठरलेली होती. आंदोलनाचा निरोप पोहोचवायला माध्यम लागतंच असं जे आपण धरून चालतो, त्याला लाइपझिगचं हे उत्तर आहे.

४ सप्टेंबरला मात्र टीव्ही थेट आत आला. शहरात शरद ऋतूतली व्यापारी जत्रा होती आणि तिच्यासाठी पश्चिमेच्या पत्रकारांना परवाने मिळाले होते. प्रार्थनेनंतर काही तरुण मुलींनी चर्चसमोर फलक उलगडला: मुक्त माणसांच्या खुल्या देशासाठी. काही क्षणांतच साध्या वेशातले स्टासीवाले धावून आले आणि त्यांनी तो ओढून फाडला, कॅमेऱ्यांच्या अगदी समोर. त्याच रात्री तो झटापटीचा प्रसंग पश्चिमेच्या टीव्हीवरून पूर्व जर्मनीच्या घराघरांत गेला. हजारभर लोकांची जमवाजमव, पण निकोलाय चर्च, सोमवार, संध्याकाळ हा पत्ता आता सबंध देशाला ठाऊक झाला. सरकारने मग पश्चिमेच्या पत्रकारांना लाइपझिग बंद केलं. तरी सोमवारची गर्दी वाढतच गेली: २५ सप्टेंबरला काही हजार, २ ऑक्टोबरला वीस हजारांच्या आसपास.

आणि मग ९ ऑक्टोबर. दोन दिवस आधी देशाचा चाळिसावा वाढदिवस झाला होता, बर्लिनमध्ये पोलिसांनी निदर्शकांना बडवून काढलं होतं. लाइपझिगच्या स्थानिक वर्तमानपत्रात ६ तारखेला कामगारांच्या सशस्त्र दलाच्या एका तुकडीप्रमुखाच्या नावाने पत्र छापून आलं: वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊन समाजवादाचं रक्षण करू. जूनमध्ये बीजिंगला तिआनआनमेन चौकात काय झालं, हे याच लोकांनी पश्चिमेच्या टीव्हीवर पाहिलं होतं, आणि त्यांच्या संसदेने चीन सरकारची पाठराखण केली होती. माध्यमं धीर देतात तशी धडकीही भरवतात. त्या सोमवारी ही दुसरी बाजू जड होती. रुग्णालयांत रक्ताचे साठे वाढवल्याची बातमी गावभर होती. शहरात सुमारे आठ हजारांचा सशस्त्र बंदोबस्त.

संध्याकाळी सहाच्या सुमारास रस्त्यांवरच्या सरकारी भोंग्यांतून एक आवाज आला. कुर्ट माझुर, शहराच्या जगप्रसिद्ध गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालक. त्यांनी, एका विनोदी कलाकाराने, एका धर्मशास्त्रज्ञाने आणि पक्षाच्या तीन स्थानिक सचिवांनी मिळून लिहिलेलं निवेदन ते वाचत होते: संवाद व्हायला हवा, सर्वांनी संयम ठेवावा. मजकूर मवाळ होता. पण पक्षाचे तीन पदाधिकारी संवाद म्हणतायत, आणि तेही सरकारच्याच भोंग्यावरून, हे मोर्चेकऱ्यांनी ऐकलं तसं बंदोबस्तातल्या पोरांनीही ऐकलं. दोघांनी ऐकलं आणि दुसऱ्यानेही ऐकलंय हे दोघांना कळलं. त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं माध्यम कुठलं, असं मला विचाराल तर मी खांबावरचे ते भोंगे म्हणेन.

पश्चिमेचा एकही अधिकृत कॅमेरा शहरात नव्हता. पूर्व बर्लिनहून झीगबर्ट शेफके आणि आराम राडोम्स्की हे दोन तरुण मात्र आले होते. त्यांच्याकडचा व्हिडिओ कॅमेरा रोलांड यान यांनी पश्चिम बर्लिनहून चोरून पाठवलेला. यान हे पूर्वेतून हद्दपार केलेले कार्यकर्ते, आता पश्चिमेच्या टीव्हीत काम करणारे. शेफके यांच्या घराबाहेर स्टासीचा पहारा असे. ते छपरावरून दुसऱ्या इमारतीत उतरून निसटले. लाइपझिगच्या वर्तुळाकार रस्त्यालगतच्या एका चर्चचे धर्मगुरू त्यांना मनोऱ्यावर चढू द्यायला तयार झाले. वर कबुतरांची शिट साचलेली, त्यातच पोटावर पडून दोघांनी चित्रण केलं. कॅसेट त्याच रात्री ‘श्पीगल’ साप्ताहिकाचे वार्ताहर उलरिश श्वार्त्स यांच्याकडे गेली, त्यांनी ती अंगावर लपवून सीमेपलीकडे नेली, आणि दुसऱ्या रात्री ती ‘इटालियन’ होऊन टीव्हीवर आली.

क्रम नीट बघा. ७० हजार लोक बाहेर पडले तेव्हा ती चित्रफीत अस्तित्वातच नव्हती. लोक आधी, चित्र नंतर. चित्राने काय केलं? गोळीबार झाला नाही, हे बाकीच्या देशाला दाखवलं. भित्र्यांचा उंबरठा एका रात्रीत खाली आला. १८ तारखेला होनेकर यांना पायउतार व्हावं लागलं, २३ ऑक्टोबरच्या सोमवारी लाइपझिगमध्ये गर्दीचा अंदाज तीन लाखांपर्यंत गेला, आणि ३० ऑक्टोबरच्या सोमवारी ‘काळी वाहिनी’ शेवटची दिसली.

प्लाउएन कुणाला आठवतं?

बव्हेरियाच्या सीमेजवळ प्लाउएन नावाचं गाव आहे. ७ ऑक्टोबरला, म्हणजे लाइपझिगच्या त्या सोमवारच्या दोन दिवस आधी, तिथे किमान पंधरा हजार लोक रस्त्यावर आले. गावाची वस्ती सत्तर-पंचाहत्तर हजार. टाइपरायटरवर हाताने काढलेली मूठभर पत्रकं, एवढीच तयारी. पोलिसांनी अग्निशमन दलाचे बंब आणून पाणी मारलं, लोक हलले नाहीत, शेवटी पोलीसच मागे हटले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर हा लाइपझिगहून मोठा मोर्चा. पण पश्चिमेच्या टीव्हीचा माणूस तिथे नव्हता, आणि जर्मनीबाहेर प्लाउएनचं नाव आजही फारसं कुणी घेत नाही. माध्यम नसलं म्हणून आंदोलन अडलं नाही. नुकसान झालं ते नंतर, स्मृतीत आणि श्रेयात.

याला जोडून आणखी एक अभ्यास सांगतो. केर्न यांनी पुढे दोन सहकाऱ्यांसोबत १९८९-९०चे मोर्चे नकाशावर मांडून पाहिलं, की टीव्ही पोहोचणाऱ्या भागांत आंदोलन लवकर किंवा जास्त पसरलं का. तसा फरक त्यांना सापडला नाही. ड्रेस्डेनवाल्यांनाही बातमी कळतच होती: रेडिओवरून, नातेवाइकांकडून, स्टेशनवर. यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही, पण ‘टीव्ही होता म्हणून झालं’ हे विधान छातीठोकपणे करायला जागा उरत नाही, इतकं नक्की.

चुकलेली बातमी खरी ठरते

आता तो एक प्रसंग, जिथे माध्यमांनी खरोखर घटना घडवली. ९ नोव्हेंबर. पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांची पत्रकार परिषद सरकारी टीव्हीवर थेट चालू होती. परदेशप्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्यांच्या हातात ऐनवेळी कोंबलेला; तो दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर करायचा होता, आणि लोकांनी रीतसर अर्ज करून व्हिसा घ्यावा अशी योजना होती. संध्याकाळी सातला काही मिनिटं कमी असताना कुणीतरी विचारलं, हे लागू कधीपासून? शाबोव्स्की कागद चाळतात, चष्म्यातून बघतात आणि म्हणतात: माझ्या माहितीप्रमाणे, ताबडतोब, विनाविलंब.

वृत्तसंस्थांनी काही मिनिटांत ‘सीमा उघडली’ असं पाठवलं. आठच्या पश्चिमेच्या बातम्यांत तीच मुख्य बातमी. पावणेअकराच्या आसपास ‘टागेस्थेमेन’ या एआरडीच्या रात्रीच्या बातम्यांचे निवेदक हान्स योआखिम फ्रीडरिक्स यांनी सांगितलं, की भिंतीची दारं सताड उघडी आहेत. ती उघडी नव्हती. त्यांचाच वार्ताहर एका बंद नाक्यासमोर उभा होता! पण ऐकलेले लोक गाड्या काढून, काही जण रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून नाक्यांकडे निघाले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरचे अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोनमागून फोन करत राहिले, स्पष्ट उत्तर कुणी देईना, आणि साडेअकराच्या सुमारास त्यांनी फाटक उघडलं. बातमी आधी आली, घटना तिच्या मागून आली.

हे घडू शकलं कारण गेले दोन महिने लोक रस्त्यावर येऊन परतत होते आणि त्यांची भीती गेलेली होती. हीच चूक १९८५ साली कुठल्या निवेदकाने केली असती, तर नाक्यावर फार तर दोन-चार टवाळ पोचले असते.

इजिप्तच्या सरकारने २८ जानेवारी २०११ला देशातलं जवळजवळ सगळं इंटरनेट आणि मोबाइल बंद केलं, तेव्हा त्याच्याही डोक्यात तीच कळ होती: बंद करा, लोक घरी जातील. झालं असं, की घरी बसून स्क्रीन बघणारे लोकही काय चाललंय ते बघायला बाहेर पडले. नवीद हसनपूर या अभ्यासकाने दाखवलं, की त्या दिवसानंतर कैरोतली गर्दी एका तहरीर चौकात न राहता जागोजागी फुटली. आंदोलन सुरू झाल्यापासून अठरा दिवसांत राष्ट्राध्यक्ष मुबारक गेले. मात्र आज फोनने दिलेली एक अडचण शेफके-राडोम्स्की यांना नव्हती. त्या काळी अशी चित्रफीत दुर्मीळ होती, म्हणून तिचं वजन होतं. आता मनोऱ्यावर एक नसून रस्त्यावर लाख कॅमेरे असतात, आणि सरकारला चित्र थांबवायची गरजच उरत नाही. दहा खोटी चित्रं सोडून दिली की खऱ्यावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

राहता राहिला पूर्व जर्मनीचा हिशेब. सायक्लोस्टाइल काढणारे, मतं मोजणारे, फलक धरणारे जे लोक होते, त्यांतल्या बहुतेकांना भिंतीपलीकडच्या देशात विलीन व्हायचं नव्हतं. त्यांना स्वतःचा देश सुधारायचा होता. ४ नोव्हेंबरला बर्लिनच्या आलेक्झांडर चौकातली प्रचंड सभा सरकारी टीव्हीने थेट दाखवली, तेव्हा ते बोलतही होते आणि देश ऐकतही होता. पाच दिवसांनी भिंत उघडली आणि कॅमेरे तिकडे वळले: भिंतीवर चढलेली पोरं, मिठ्या, शॅम्पेन. मग पश्चिमेचे पक्ष, त्यांचे पैसे, त्यांचे ओळखीचे चेहरे. १८ मार्च १९९०ला पहिली मुक्त निवडणूक झाली. पश्चिमेच्या चान्सेलरांचा पाठिंबा असलेल्या आघाडीला ४८ टक्के मतं पडली. त्या जुन्या गटांनी एकत्र येऊन लढवलेल्या यादीला मिळाली २.९ टक्के.